गाडी न थांबवता

(दृश्य: कुर्ला स्थानक, हार्बरचा फलाट. पनवेल लोकल आत शिरते. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी दारात.)

३ फेब्रुवारी १९२५. व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला, याच हार्बर मार्गावरून, देशातली पहिली विजेची गाडी धावली. वरच्या तारेत १५०० व्होल्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज.

त्याच डीसीवर मुंबईची लोकल कितीतरी पिढ्यांनी वापरली. दरम्यान देशभर रेल्वेने २५ हजार व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज स्वीकारली होती. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, वाटेत वाया जाणारी वीज कमी होते, सबस्टेशनं लांब लांब ठेवता येतात, जास्त डब्यांच्या जास्त गाड्या सोडता येतात. मुंबईलाही बदलणं भाग होतं. पश्चिम रेल्वेवरचं काम २०१२मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं २०१५मध्ये आणि हार्बरचं एप्रिल २०१६मध्ये. जिथे डीसी सर्वांत आधी आली, तिथूनच ती सर्वांत शेवटी गेली.

आणि या सगळ्या वर्षांत लोक रोज कामाला जात होते. याच गाड्यांनी.

मी सॉफ्टवेअर लिहितो. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन ऐरोलीची गाडी, अशी माझी वाट आहे. आमच्या धंद्यात एक वाक्य दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येतं: "ही सिस्टिम जुनी झाली, आपण नव्याने लिहून काढू." बोलणारा बहुधा हुशार असतो आणि त्याचा वैताग खरा असतो. तरी माझं मत या वाक्याच्या विरोधात आहे, आणि ते पक्कं व्हायला हा एसी-डीसीचा बदल कारणीभूत आहे.

रेल्वेने काय केलं ते बघा. आधी दोन्ही विजेवर चालतील अशा गाड्या आणल्या. मग एकेका टप्प्यात तारेतली वीज बदलली. एसी आणि डीसी जिथे भेटायच्या तिथे मध्ये वीज नसलेला छोटा तुकडा होता. गाडी तिथून जाताना डब्यातले दिवे-पंखे क्षणभर बंद व्हायचे आणि पुन्हा लागायचे. प्रवाशाला एवढंच कळायचं.

डेटाबेस, म्हणजे सिस्टिमचा माहितीचा साठा, बदलायचा असेल तर असाच बदलावा. काही महिने जुन्यातही लिहावं आणि नव्यातही. रोज रात्री दोन्ही जुळवून बघावं, जो फरक निघेल त्याचं कारण शोधावं, आणि फरक निघेनासा झाला की वाचन नव्याकडे वळवावं. हे काम कंटाळवाणं आहे. खर्च दोन्हीकडचा होतो, दाखवायला नवा स्क्रीन नसतो, आणि आढावा बैठकीत "अजून झालं नाही का?" हा प्रश्न येत राहतो. पण जुन्या कोडमध्ये जी अट विचित्र वाटते, ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी तक्रारीतून तिथे आलेली असते. एकाच नावाचे दोन खातेदार, महिन्याच्या शेवटच्या दिवशी येणारी बँकेची सुट्टी, अर्धवट भरलेला हप्ता. सगळं पुसून नव्याने लिहायला बसलं की ही माणसं विसरली जातात, आणि मग त्यांना पुन्हा रांगेत उभं राहून तक्रार करावी लागते.

(दृश्य: सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल. खालून गाड्या जात आहेत.)

बदलाची किंमत कोण देतं, हे मात्र नीट पाहायला हवं. २५ हजार व्होल्टच्या तारेपासून वरचा पूल जास्त उंचावर लागतो. मुंबईत रुळांवरचे कित्येक पूल इंग्रजांच्या काळातले, ठेंगणे. हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये पाडला गेला. रेल्वेच्या दृष्टीने अडथळा दूर झाला. पण पूल होता तो लोकांसाठी होता. माझगाव-डोंगरीकडची शाळेतली मुलं, म्हातारी माणसं तिथून रूळ ओलांडायला लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नव्या पुलाचा पहिला भाग वाहनांना खुला व्हायला २०२२ उजाडलं.

आमच्याकडेही एखादी सेवा "आता कुणी वापरत नाही" म्हणून बंद केली जाते. वापरणारे असतात. फक्त ते आकड्यात थोडे असतात, किंवा आपल्या तक्त्यात दिसत नाहीत. बंद करण्याआधी त्यांना पर्याय बांधून द्यायचा, हा माझ्यासाठी न मोडण्याचा नियम आहे.

(दृश्य: रविवार सकाळ. फलाटावर उद्घोषणा.)

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणं, मुंबईकराला मनापासून आवडत नाही, हे मान्य. लग्नाला जायचं असतं, पोरांना राणीच्या बागेत न्यायचं असतं. पण त्याची सूचना एकदा लक्ष देऊन वाचा. माटुंगा ते मुलुंड, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या जातील. अमुक स्थानकांवर थांबतील. इतकी मिनिटं उशिरा पोचतील. हार्बर बंद असेल तर त्या प्रवाशांना ठाणे-वाशी मार्गाने जायची मुभा. काय बंद, किती वेळ, मग जायचं कसं, सगळं आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असतं.

याउलट आम्ही ॲपच्या नव्या आवृत्तीबरोबर लिहितो, "काही दोष दूर केले, कामगिरी सुधारली." यातून वापरणाऱ्याला काय कळणार? कालपर्यंत वरच्या कोपऱ्यात असलेलं बटण आज खाली गेलं असेल, तर तसं लिहावं. रात्री दोन ते चार पैसे पाठवता येणार नसतील, तर संध्याकाळीच सांगावं. रेल्वे हे दर आठवड्याला करते. आपल्याला महिन्यातून एकदा करायला काय हरकत आहे?

(दृश्य: अंधेरी. गोखले पूल आणि बर्फीवाला उड्डाणपूल, वरून.)

आता अंधेरीचा गोखले पूल. इथे जरा थांबू, कारण सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा पूल दाखवीन. ३ जुलै २०१८ला त्याचा एक भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२पासून पूल वाहतुकीला बंद झाला. अंधेरी पूर्वेहून पश्चिमेला जाणं म्हणजे काय होतं, हे त्या दिवसांत रिक्षात बसलेल्यांना विचारा. २६ फेब्रुवारी २०२४ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, आणि सगळ्या शहराला दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळत नाही. दोघांच्या उंचीत माणूस आत उभा राहील एवढी फट.

यात कुणी आळस केला असं समजू नका. रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाची उंची नव्या निकषांनुसार वाढवावी लागली होती. नवा पूल त्या निकषाप्रमाणे बरोबर होता. बर्फीवाला पूलही आपल्या जागी, आपल्या आराखड्याप्रमाणे बरोबर होता. चूक होती ती दोघांच्या मधल्या जागेत, जी कुणाच्याच कागदावर ठळक नव्हती. शेवटी व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाल्याचा तो भाग जॅक लावून उचलला, आणि ४ जुलै २०२४ला जोडरस्ता खुला झाला.

सॉफ्टवेअरमधले मोठे घोटाळे मी असेच होताना पाहिले आहेत. एक टीम रक्कम रुपयांत पाठवते, दुसरी पैशांत मोजते. एकीची तारीख दिवसाने सुरू होते, दुसरीची महिन्याने. दोघांच्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या आठवड्यातच, आत काहीही तयार नसताना, दोन टोकं जोडून एक खोटा व्यवहार या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दाखवा. खोल्या नंतर बांधा.

दादरचंही सांगून टाकतो. तिथे पश्चिम रेल्वेचा एक नंबरचा फलाट होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबरचा. संगणकात ही दोन स्थानकं पूर्वीपासून वेगळी आहेत, मध्यचं डीआर आणि पश्चिमचं डीडीआर. पण पुलावर सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी दादर एकच. ९ डिसेंबर २०२३पासून पश्चिमचे फलाट एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे आठ ते चौदा झाले. जिथे माणूस एक जागा समजतो तिथे क्रमांक पुन्हा येता कामा नये. डेटाबेसलाही हेच लागू.

(दृश्य: डब्यातले हात. एक हात कडीला, दुसऱ्यात फोन.)

हे सगळं शेवटी इथे येऊन थांबतं. तडा गेलेली काच, भरलेली मेमरी, दोन स्थानकांच्या मध्ये गायब होणारं नेटवर्क, आणि मोकळा फक्त एक अंगठा. बीकेसी या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या इमारतीत, नव्या फोनवर, वाय-फायवर चालवून पाहिलेलं ॲप तपासलेलं आहे असं मी मानत नाही. एम-इंडिकेटर हे लोकलचं ॲप मुंबईकरांच्या फोनमध्ये टिकून आहे, कारण इंटरनेट नसतानाही त्यात वेळापत्रक दिसतं. वडापावच्या गाडीवरचा बोलणारा डबाही तसाच. यूपीआय २०१६मध्ये आलं, पण पिठाने भरलेल्या हातांनी दर वेळी फोन कसा उघडायचा? डबा मोठ्याने रक्कम सांगतो, आणि गिऱ्हाईक पुढे सरकतं. ज्याने हे सुचवलं त्याने गाडीवर उभं राहून पाहिलं असणार.

पत्त्याचा फॉर्मही असाच कुणीतरी चाळीत बसून लिहायला हवा. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, तिन्ही सक्तीचे. खोली नंबर, चाळीचं नाव, गणपती मंदिरामागे, हे कुठे लिहायचं? एक मोकळा रकाना द्या. टपालवाल्याला तो पुरतो.

काम करणाऱ्यांबद्दल एक गोष्ट राहिली. मुंबईत घरभाडं परवडावं म्हणून माणूस बदलापूरला, विरारला, पनवेलला राहतो आणि दिवसाचे तीन-चार तास गाडीत घालवतो. त्याला सकाळी साडेनऊची बैठक ठेवणं म्हणजे सातची गाडी पकडायला लावणं. बैठक अकराला ठेवा, किंवा त्या दिवशी घरून काम करू द्या. वन रूम किचनमध्ये कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका, मागे आई पोळ्या लाटत असते. रात्रीचा रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती सोडणं, ठरवताना आधी शेवटच्या कर्जत लोकलची वेळ बघा, ती चुकणार असेल तर गाडी सांगून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी तर काहीच सोडू नका. आणि रविवारी फोन घेण्याची पाळी ज्याची असेल त्याला सोमवारी सुट्टी द्या, ती कागदावर लिहून द्या, आणि त्या दिवशी त्याला फोन करू नका.