आइसलँडची गर्दी अन् मोहर्लीचा रस्ता

ही जी हिरवी दरी दिसतेय ना, ती आइसलँडमधली, नाव फ्याद्रारग्ल्यूफुर. 2015 मध्ये जस्टिन बीबरच्या गाण्यात ही दिसली, अन् मग जगभरातली पोरं त्याच कड्यावर उभं राहून फोटो काढायला पोचली. चालून चालून तिथलं शेवाळ उखडलं, थंड मुलखात ते परत धरायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून 2019 मध्ये सरकारनं दरीच काही महिने बंद ठेवली.

देश केवढासा, तर लोकसंख्या चार लाखाच्या आत. 2008 मध्ये बँका बुडाल्या, चलन घसरलं, फिरायला स्वस्त झालं. 2010 मध्ये ज्वालामुखी फुटून युरोपभर विमानं अडकली तेव्हा सगळ्यांनी हा देश टीव्हीवर पाहिला. त्या वर्षी पर्यटक आले पाच लाखाच्या आत, अन् 2018 मध्ये 23 लाख! आपला चंद्रपूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत 22 लाखांचा होता, म्हणजे अख्खा जिल्हा उठून तिथं फिरायला गेला असं समजा.

पैसा आला, रोजगार आला, ते नाकारायचं कारणच नाही. पण राजधानीत रेक्याविकला घरमालक भाडेकरूपेक्षा पर्यटकाला खोली द्यायला लागले, तिथल्याच माणसाला घर मिळेना, मग 2017 पासून नियम आला की स्वतःचं घर असं द्यायचं तर वर्षातून 90 दिवसच. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे तिथली रेस्क्यू टीम. कोणी बर्फात अडकलं, कोणाची गाडी नदीत फसली की धावून जाणारे हे लोक पगारी नाहीत, कोणी शेतकरी, कोणी सुतार, हातचं काम टाकून जातात, अन् टीमचा खर्च बऱ्यापैकी निघतो तो नवीन वर्षाला फटाके विकून. पाहुणे वाढले तसा भार यांच्यावरच वाढला.

आता हा दुसरा शॉट बघा. पद्मापूरकडून मोहर्लीला जाणारा रस्ता, एप्रिलची पहाट, ताडोबाच्या गेटवर सफारीच्या जिप्सींची लाईन लागलीय, अन् रस्त्याच्या कडेनं बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघाल्यात. रात्रभर फुलं गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, त्यामुळे जिप्सीचा टाईम अन् यांचा टाईम एकच. एका गाडीतून आवाज येतो, मावशी, वाघ दिसला का? मावशी थांबते, पदर सारखा करते. "दिसला असता तं तुमाले सांगाले मी उरली असती का बापू?" गाडी पुढे जाते, धुरळा टोपलीवर बसतो.

आमची पोरं गाईड झाली, जिप्सी चालवतात, कोणाकडे होमस्टे आहे, त्यावर घरं चालतात हे मी रोज बघतो. पण रस्त्याकाठची शेतं रिसॉर्टला गेली, कंपाउंड पडलं, की मोहाच्या झाडाकडे जायची पायवाट पण त्यातच जाते, आणि ते विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. जंगलात काय होतं ते तर 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी बघितलंच, वाघीण अन् तिचे बछडे मधे आणि दोन्हीकडून गाड्या. व्हिडिओ पसरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

गेटच्या आत किती गाड्या सोडायच्या ते वनखातं ठरवतं. गेटच्या बाहेर किती रिसॉर्ट, कुठली पायवाट मोकळी ठेवायची, हे गावानं मांडलं पाहिजे. आइसलँडमध्ये 90 दिवसांचा नियम आला तो घरं गेल्यावर, आपल्याकडे अजून सगळं गेलेलं नाही. मोहाचा हंगाम सरता सरता 1 मेची ग्रामसभा असते. कोणत्या झाडाकडे कोणत्या बांधावरून जातो ते बायांनी सांगायचं, पोरांनी गावनकाशावर उतरवायचं, आणि सभेआधी लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्यायची.