एसी चालू आहे, पण खोली गार आहे का?

[दृश्य : भिंतीवरचा एसी, डिस्प्लेवर २४ चा आकडा. खाली फरशीवर पसरलेला कुत्रा.]

रिमोटवर २४ दिसतंय. वरून हवाही येतेय. कुत्रा मात्र आपली गादी सोडून उघड्या फरशीवर पोट टेकून पडलाय. जीभ बाहेर, धाप थांबत नाही. अशा वेळी रिमोटवर विसंबू नका. त्यावरचा आकडा आपण मागितलेल्या तापमानाचा आहे, खोलीच्या तापमानाचा नाही. खोलीची खबर फरशीवरचा कुत्रा देतोय.

एसी एकदम बंद पडला तर आपण लगेच धावपळ करतो. खिडक्या उघडतो, मेकॅनिकला फोन लावतो. जास्त घात होतो तो हळूहळू दम सोडणाऱ्या एसीमुळे. आतला पंखा फिरत असतो, गारवा देणारा कॉम्प्रेसर मात्र मधेच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. दारं-खिडक्या बंदच असतात. ‘आज उकाडा जरा जास्तच आहे’ म्हणत आपण कामाला निघून जातो आणि त्या बंद खोलीत मागे राहतो तो प्राणी. त्याला ना खिडकी उघडता येते, ना दुसऱ्या खोलीत जाता येतं.

[दृश्य : धापा टाकणाऱ्या कुत्र्याची जीभ, अगदी जवळून.]

आपल्याला अंगभर घाम येतो आणि पंख्याचा वारा लागला की तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचा सगळा भार धापेवर. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. हवाच दमट असेल तर ही वाफ नीट होत नाही. मग कुत्रा कितीही धापला तरी आतून तापतच जातो. म्हणूनच कोरड्या केसांवर नुसता पंखा सोडून फारसा उपयोग होत नाही.

ओलाव्याचा हा मुद्दा एसीच्या जन्मापासूनचा आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या अभियंत्यानं ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. तिथली अडचण दमट हवेची होती. कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. हवेतलं पाणी काढून घेणं हे एसीचं तेव्हापासूनचं काम. थकलेल्या एसीकडून नेमकं हेच नीट होत नाही. खोली थोडीफार गार वाटते, पण हवा जड आणि चिकट राहते. दमट दिवसांत एसीच्या नळीतून बाहेर पाणी पडायचं थांबलं असेल, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

मग बिघाड शोधायचा कुठे? ज्या घरात केसाळ प्राणी आहे, तिथे आधी फिल्टर काढून बघावा. केस आणि धूळ बसून जाळी बुजते, कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून, पुरेशी हवा जात नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. लोक अशा वेळी रिमोटवर तापमान आणखी खाली आणतात. त्यानं बर्फ वाढतो. थंड करणं बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, बर्फ वितळू द्यायचा आणि फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून बसवायचा. जमिनीलगत ठेवलेल्या बाहेरच्या युनिटवर कुत्रा वारंवार मुतत असेल, तर त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या झिजतात. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आणि ‘गॅस संपला’ हे ऐकलं, की एक प्रश्न नक्की विचारा : गेला कुठे? एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर तोच त्रास पुन्हा दारात उभा राहतो. बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतंय आणि पंखा फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा विजेचा भाग, गेलेला असतो. त्याला मात्र स्वतः हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात विजेचा भार साठून राहतो.

[दृश्य : पडदे ओढलेली खोली, जमिनीवर पाण्याची दोन भांडी.]

मेकॅनिक येईपर्यंतचे तास महत्त्वाचे. घरातली सर्वांत कमी ऊन येणारी, फरशीची खोली प्राण्याला द्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच खिडक्या उघडा. कुत्र्याचं पोट, पंजे, मांड्यांच्या आतला भाग ओला करा आणि मग पंखा लावा. ओल्या अंगावरचा वारा खरं काम करतो. बंद खोलीत कूलर लावू नका, तो हवेत ओलावाच वाढवतो.

मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापायला लागलं, तर डॉक्टरांना फोन करायची वेळ झाली. ससे आणि गिनीपिग यांना तर खोलीत साधारण २८ अंशांपुढेच त्रास सुरू होतो. टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवली, की ते तिला टेकून बसतात. पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरत असेल, तर तोही तापलाय. माशांचं दुखणं वेगळं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणून हवेचा पंप चालू ठेवा, पण टाकीत थेट बर्फ ओतू नका.

पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या तोंडाच्या प्राण्यांकडे सर्वांत आधी बघा. त्यांचा श्वास एरवीच अडतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. ते ४१ च्या पुढे गेलं, की जिवावर बेततं. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, ही उष्माघाताची लक्षणं. पूर्वी सांगायचे, कोमटच पाणी वापरा. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांचा सल्ला आता स्पष्ट आहे : आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. तरुण, धडधाकट कुत्र्याला थंड पाण्यात उभं करा, डोकं पाण्याबाहेर धरून. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओता आणि वारा द्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

[दृश्य : एसी उघडून काम करणारा मेकॅनिक. पिंजरा दुसऱ्या खोलीत.]

मेकॅनिक आला, की घरात प्राणी आहेत हे त्याला आधीच सांगा. कॉइल धुण्याची रसायनं उग्र असतात आणि आर-३२ सारखा आजचा गॅस ज्वलनशीलही आहे. म्हणून प्राणी, विशेषतः पक्षी, दुसऱ्या हवेशीर खोलीत ठेवा. काम झाल्यावर एसीत शिरणारी आणि एसीतून येणारी हवा थर्मामीटरनं मोजून घ्या. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा.

प्राण्याला एकटं सोडून जाण्याआधी आणखी एक परीक्षा घ्या. एसी चालू असताना मेन स्विच बंद करा, पाचेक मिनिटांनी परत चालू करा आणि रिमोट बाजूला ठेवून बघा, एसी आपोआप सुरू होतो का. होत नसेल, तर वीज जाऊन आली तरी ती खोली तुम्ही परत येईपर्यंत तापतच राहणार. मग त्या दिवशी प्राण्याला बंद खोलीत ठेवू नका. दार उघडं ठेवा आणि मधूनमधून येऊन बघणारं कुणीतरी नेमा.