भाताचं दार, यीस्टची पेशी

(दृश्य: पाणी साठलेलं भातखाचर, पाण्याखालची मुळं)

भाताच्या पातीवरून टोकाकडून बुंध्याकडे बोट फिरवा. जी खरखर लागते, ती सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. भाताचं रोप सिलिकॉनचं भुकेलं. वाळलेल्या रोपाच्या वजनात दहा टक्क्यांपर्यंत सिलिका भरू शकते. त्यामुळे पात ताठ राहते, किडीला चावायला जड जाते.

पश्चिम बंगालच्या आणि बांगलादेशाच्या काही भागांत भूजलात आर्सेनिक हे विष आहे. तेच पाणी भाताला दिलं जातं, आणि तिथे ही भूक रोपाच्या अंगाशी येते.

सिलिकॉन मुळांत शिरतं ते एका प्रथिनाच्या नळीतून. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाचे जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तिचं जनुक शोधलं. त्याला नाव दिलं एलएसआय-१. दोनच वर्षांनी त्यांनी दाखवलं, की आर्सेनिकही याच वाटेने आत येतं.

कारण रसायनशास्त्रात आहे. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि आर्सेनिकचं एक रूप, आर्सेनेट, बदलून दुसरं रूप, आर्सेनाइट, होतं. सिलिकॉन मुळांत शिरतं ते सिलिसिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल आणि आर्सेनाइट, दोन्ही रेणू लहान, दोन्हींवर विद्युतभार नाही. एकावर चार हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्यावर तीन. ही नळी म्हणजे मुळाचं दार, आणि त्या दाराला दोघांतला फरक कळत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या गोल पेशी, काहींना कळी फुटलेली)

पण मुळात शेकडो प्रथिनं एकाच वेळी काम करत असतात. त्यांतल्या एकाचं काम वेगळं काढून बघायचं कसं? इथे कामाला येतं बेकरीतलं यीस्ट. सुमारे सहा हजार जनुकांची ही पेशी. तिचा संपूर्ण जनुकसंच १९९६ सालीच वाचून झाला. तिचं हवं ते जनुक काढता येतं, दुसऱ्याचं घालता येतं.

कोपनहेगन आणि गोटेबोर्गच्या संशोधकांनी २००८ साली नेमकं हेच केलं. भात आणि इतर वनस्पतींची अशी नळीची प्रथिनं यीस्टमध्ये बसवली. त्यांत भाताचं एलएसआय-१ही होतं.

(दृश्य: अगारची थाळी, तिच्यावर ओळीने पांढरे ठिपके)

अशा चाचणीची थाळी जवळून पाहण्यासारखी असते. यीस्टचं पाणी दर वेळी दहापट पातळ करत एकाशेजारी एक थेंब टाकायचे आणि थाळी तीस अंशांवर ठेवायची. साध्या अगारवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या जेलीवर, ओळ भरते, शेवटच्या थेंबात मोजता येण्याजोग्या वसाहती उरतात. अगारमध्ये आर्सेनाइट असेल, तर वनस्पतीचं दार बसवलेल्या यीस्टची ओळ अर्ध्यावरच तुटते. विष त्या दारातून आत आलेलं असतं.

यापेक्षाही मोलाचं निरीक्षण पुढचं आहे. आर्सेनेट असलेल्या अगारवर हेच यीस्ट उलट जास्त चांगलं वाढलं! आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने पेशीत शिरतं, आत त्याचं आर्सेनाइट होतं, आणि मग ते त्याच नळीतून बाहेर निसटतं. म्हणजे हे दार दोन्हीकडे उघडतं. वाहतूक कुठल्या दिशेने होईल, ते आत आणि बाहेर किती साठलंय यावर ठरतं. नुसत्या मुळाकडे बघून हे इतक्या स्वच्छपणे कळलं नसतं.

मातीत सिलिकॉन जास्त असेल, तर या दारावर त्याची गर्दी होते आणि आर्सेनाइटला आत शिरायला कमी वाव मिळतो. पण म्हणून "सिलिकॉन घाला, धातू रोखा" असं सरसकट म्हणणं मला चुकीचं वाटतं. जस्त आणि कॅडमियम हे विद्युतभारित आयन. त्यांची ये-जा वेगळ्या प्रथिनांतून होते: यीस्टमध्ये जस्तासाठी झेडआरटी-१, भातात कॅडमियमसाठी एनरॅम्प-५. त्यांच्यावर सिलिकॉनचा परिणाम होत असेल, तर तो या दारावरच्या गर्दीमुळे नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

(दृश्य: कुंड्यांमध्ये वाढणारा भात)

आर्सेनिकच्या बाबतीत मात्र ही गर्दी उपयोगी पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कुंड्यांतल्या प्रयोगात मातीत सिलिका मिसळल्यावर पेंढ्यातलं आर्सेनिक ७८ टक्क्यांनी उतरलं. दाण्यातलं उतरलं फक्त १६ टक्क्यांनी. आपण खातो तो दाणा, त्यामुळे दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. त्याच प्रयोगात पाणी सतत न तुंबवता वाढवलेल्या भातात आर्सेनिक कितीतरी कमी आलं.

सिलिकॉन विकत आणायलाच हवं असंही नाही. गिरणीत निघणाऱ्या भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते आणि आर्सेनिक पेंढ्यापेक्षा बरंच कमी. त्यामुळे आर्सेनिकच्या पट्ट्यात पेंढा गाडण्याऐवजी तूस शेतात परत घालणं जास्त सुरक्षित.