दोरी किती कोरडी राहिली?

(विज्ञान शिक्षकांच्या तालुका मेळाव्यातील भाषण, संपादित)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

जलचक्राची आकृती आपण सगळ्यांनीच फळ्यावर काढली आहे. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र. मीही कितीतरी वर्षं तेवढीच काढली. एकदा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, यात आपली विहीर कुठंय?" विहीर नव्हतीच. वर्गातल्या एकाही मुलानं न पाहिलेला समुद्र होता, पण सगळं गाव जिच्यावर जगतं ती विहीर नव्हती. तिथून माझा पाण्याचा पाठ बदलला.

सुरुवात पावसापासून केली. प्लॅस्टिकची सरळ भिंतीची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बूड खोलगट असतं, म्हणून सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथं शून्य धरायचं. झाडापासून, छपरापासून दूर ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच मोजला जातो. मुलांना घरी ऐकून '65 मिलिमीटर' हा आकडा माहीत असतो. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, तेवढा पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण मिलिमीटर म्हणजे नक्की काय, ते बाटलीनं कळलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुलांनी शाळेचं छप्पर मोजलं, 150 चौरस मीटर भरलं. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 75 हजार लिटर. "म्हणजे दहा हजारांचे साडेसात टँकर!" एक मुलगा ओरडलाच. त्यातलं थोडं उडून, सांडून जाणार, हे त्यानंतर शिकवलं. आधी त्या आकड्याचं नवल वाटू दिलं.

आता विहीर. मुलांना, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही, वाटतं की जमिनीखाली नदी वाहते किंवा तळं साठलेलं असतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, वसलेला आहे. घट्ट पाषाणात पाणी जवळपास मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हे सांगून पटत नाही, म्हणून दोन बरण्या घेतल्या. एकीत मुरूम भरला, दुसरीत बरणीभर मावेल असा एकच दगड ठेवला. मुरमात मोजून पाणी ओतलं. ते दिसेनासं होत गेलं, तरी बरणी भरेना. दगडात काहीच शिरलं नाही, त्याच्या बाजूनं खाली उतरलं तेवढंच. मग मुलं आपणहून म्हणाली, मुरमाचा थर पातळ असेल तर पाणी लवकर संपणार.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आम्ही दर महिन्याला मोजू लागलो. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी, टोकाला वजन. दोरी मीच सोडायचो. मुलं कठड्यापासून लांब उभी, यात सवलत नाही. वजन पाण्याला टेकलं की कठड्यापासून किती दोरी कोरडी, ते लिहायचं. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात चार मीटर, जानेवारीत पाच, मार्चअखेर अकरा. आलेख काढल्यावर त्याच मुलीनं विचारलं, "गुरुजी, ऊन तर मे महिन्यात जास्त. मग पाणी आधीच का उतरलं?"

मी उत्तर दिलं नाही. मुलांनी आसपासच्या शेतांतली पिकं आणि पाण्याच्या पाळ्या लिहून आणल्या: कांदा, ऊस, गहू. विहिरीतलं पाणी उन्हानं फारसं उडत नाही, ते मोटारीनं जातं, हे त्यांनी स्वतः शोधलं. इथं मी एक काळजी घेतली, ती तुम्हीही घ्या. वहीत शेतकऱ्यांची नावं लिहू दिली नाहीत. त्या मोटारी याच मुलांच्या घरच्या असतात, आणि आईबापांवर आरोप ठेवायला मूल शाळेत येत नाही. घरातलं पाणी मोजतानाही तसंच. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. मुलांनी घरचे हंडे मोजून ते पडताळावं, पण कुणाच्या घरी किती हे वर्गासमोर वाचू नये. टँकरच्या रांगेत उभं राहून शाळेत उशिरा येणारी मुलगी या विषयात आपल्यापेक्षा जास्त जाणते. तिला उशिराचं कारण विचारण्याआधी हंडा किती लिटरचा ते विचारा.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल एवढंच सांगतो. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला वर्गात बोलवा. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकल्यावर नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो की नाही, ते मुलांना पाहू द्या; रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे.

आमचा आलेख पुढे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. एका आजोबांनी त्याच्यासमोर बराच वेळ उभं राहून विचारलं, "पोरांनो, यंदा कांदा किती लावावा, हे यावरून सांगता येईल का?" मुलं माझ्याकडे बघू लागली. आम्ही अजून त्याच गणितावर काम करतो आहोत. बाटल्या, कात्री आणि मोजपट्ट्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणानंतर सगळे मिळून पर्जन्यमापक बनवू.