संध्याकाळच्या वर्गातून दवाखान्यात

(ओहायोतल्या एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत वैद्यकीय क्षेत्रात कसं शिरावं यावर बोला, असं मला सांगितलं होतं. विषय फार मोठा आहे. मी ज्या वाटेने चालले तिच्याबद्दलच बोलते. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कमी फीच्या, दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात शिकून मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए झाले.

मिरजेला माझ्या आईला अजूनही वाटतं की मी नर्स आहे. पीए डॉक्टरांच्या जोडीने काम करतो. रुग्णाला तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला मदत करतो. २०२१ मध्ये पीएंच्या संघटनेने या पेशासाठी ‘फिजिशियन असोसिएट’ असं नवं नाव घेतलं, पण दवाखान्यात सगळे पीएच म्हणतात.

हा पेशा सुरू कसा झाला, ते मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. नॉर्थ कॅरोलायनात गार्लंड नावाचं लहानसं गाव आहे. तिथे डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेल नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ काम करायचे. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. डॉक्टरांनी त्यांना कामातच शिकवून तयार केलं होतं. ड्यूक विद्यापीठातले डॉ. यूजीन स्टेड यांना ही जोडी ठाऊक होती. त्यांनी आधी थेल्मा इंगल्स या नर्सबाईंच्या साथीने नर्सना पुढचं वैद्यकीय शिक्षण देऊन पाहिलं, पण नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली नाही. मग १९६५ मध्ये त्यांनी नौदलातून परतलेले चार कोअरमन, म्हणजे तिथले वैद्यकीय मदतनीस घेतले. जखमा बांधणं, ताप बघणं हे सगळं स्वतः केलेली ही माणसं होती आणि नौदलाबाहेर त्या अनुभवाला काडीची किंमत नव्हती. ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यांच्यापैकी तिघे उत्तीर्ण झाले. १९६९ मध्ये सिअ‍ॅटलला डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी मेडेक्स नावाचा असाच अभ्यासक्रम सुरू केला, तिथेही पहिल्या तुकडीत सैन्यातून आलेले पंधरा जण होते.

म्हणजे हा पेशा ज्यांच्यासाठी काढला, त्यांच्या हाताला काम आधी आलं होतं, पुस्तक नंतर आलं. अशी माणसं अमेरिकेत कुठे भेटतात? कम्युनिटी कॉलेजात.

मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करून लग्नानंतर इकडे आले. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी अ‍ॅनाटॉमीचा संध्याकाळचा वर्ग घेतला. माझ्या टेबलावर एक जण दिवसभर अँब्युलन्सवर असायचा. शेजारी एक बाई होती, तिची बारा वर्षं नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, एड (मदतनीस) म्हणून गेलेली. एड व्हायला केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तेवढ्यावर ती म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, भरवायची, कुशीवर वळवायची. पुढे आमच्या कॉलेजच्या पीए अभ्यासक्रमात आम्ही दोघी एकत्रच गेलो.

पहिलं वर्ष वर्गातलं. फार्माकॉलॉजीने रडवलं. टाके घालायचा सराव डुकराच्या पायांवर करतात. मी घरात अंडंही न शिजवणारी. पहिल्या दिवशी हात थरथरत होता, तिसऱ्या दिवशी फक्त कातडी आणि सुई दिसत होती. दुसरं वर्ष रोटेशनचं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, इमर्जन्सी, मानसोपचार, असं फिरत राहायचं.

त्यातला एक दिवस मी विसरणार नाही. हृदय कमजोर झालेले एक आजोबा, पायांवर सूज, दम लागतोय. मी अर्धा तास हिस्ट्री घेतली. गोळ्या वेळेवर घेता का, रात्री उशा किती लागतात, वजन किती वाढलं, सगळं विचारलं आणि डॉक्टरांसमोर मांडलं. डॉक्टर म्हणाले, “मग सूज का वाढली?” मला सांगता येईना. माझी एड मैत्रीण माझ्याबरोबर होती. तिने आजोबांना विचारलं, “काल रात्री काय जेवलात?” डबाबंद सूप. परवा? सूप. बायको गेल्यापासून रोज तेच. त्या डब्यात मीठ किती असतं ते तुम्ही बाजूला छापलेलं वाचा, आणि अशा रुग्णाची सूज मिठानेच वाढते. मला त्या औषधांचे दुष्परिणाम पाठ होते. तिने बारा वर्षं जेवणाची ताटं लावली आणि उचलली होती.

आता जे मला मनापासून खटकतं ते सांगते. आम्ही शिकलो तेव्हा कम्युनिटी कॉलेजच्या पदवीवर किंवा प्रमाणपत्रावर पीएची राष्ट्रीय परीक्षा देता यायची. पुढे पीएच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने नियम केला की २०२० नंतर दाखल होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मास्टर्सच द्यायची. कॅलिफोर्नियात फुटहिल कॉलेज आणि स्टॅनफर्ड मिळून पीए घडवायचे, आता स्टॅनफर्डचा स्वतःचा मास्टर्स आहे. मेरीलँडमध्ये एसेक्सच्या कॉलेजने टाउसन विद्यापीठाशी जोडून घेतलं. कोलोरॅडोतलं रेड रॉक्स मात्र कम्युनिटी कॉलेज असून स्वतः मास्टर्स देऊ लागलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. नियमामागे कारणं असतील, औषधं वाढली, जबाबदारी वाढली. पण आमचं दोन वर्षांचं शिक्षण आधीही काही हलकं नव्हतं. आधी चार वर्षांची पदवी, मग मास्टर्सची फी, हे माझ्या मैत्रिणीला परवडलं नसतं. आजोबांच्या सूपाबद्दल मग कोणी विचारलं असतं?

तुमच्यापैकी ज्या बीएचएमएस, बीएएमएस किंवा एमबीबीएस होऊन इथे आल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडं. तिकडच्या पदवीवर थेट पीएची परीक्षा देता येत नाही. इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करावाच लागतो. भारतातही पीए आहेत, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये ते शिक्षण सुरू केलं, पण त्या शिक्षणावरही इथे परीक्षेला बसता येत नाही. आधी तुमच्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्या. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हे विषय इथेच आणि गेल्या पाच-सात वर्षांत केलेले लागतात. ते कम्युनिटी कॉलेजात होतात, विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी पैशांत. काही मास्टर्सवाले मात्र कम्युनिटी कॉलेजचे विषय कमी लेखतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी लेखी विचारा. रुग्णसेवेचे तासही मागतात, कुठे ५००, कुठे २०००. डॉक्टर असून एडचं काम कसं करायचं, असं एका ताईंनी मला मघाशी चहाच्या वेळी विचारलं. ताई, करा. पेशंटच्या उशाशी बसून जे कळतं ते मला दुसरीकडे कुठे कळलं नाही.

कम्युनिटी कॉलेजात जानेवारीच्या सत्राची नोंदणी आता उघडेल. लॅब दिवसाच्या आणि संध्याकाळच्या दोन्ही वर्गांना सारखीच असते, पण संध्याकाळच्या वर्गाच्या जागा आधी भरतात. गुणपत्रिका आणल्या असतील तर मी मागच्या टेबलाशी थांबते आहे.