मिठाचे दाणे आणि बाळाचा मेंदू

(दृश्य: बशीत चमचाभर मीठ. आशाताई त्यावर बाटलीतल्या द्रावणाचा थेंब टाकतात.)

मीठ जांभळं झालं. आयोडीन आहे.

(दृश्य: हिमाचल प्रदेशातलं कांगडा खोरं, शेतं, मागे बर्फाची रांग.)

पावसानं आणि वितळत्या बर्फानं इथल्या मातीतलं आयोडीन कधीच धुऊन नेलं. मातीत नाही ते मक्यात कुठून येणार, दुधात कुठून येणार? आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजते, तोच गलगंड. गावोगाव गलगंड झालेली माणसं दिसायची. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्याला साधं. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतल्या शाळकरी मुलांमधलं गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर आलं, तिसऱ्यात ते जवळपास होतं तेवढंच राहिलं. मग तिथंही आयोडीनचं मीठ पोचलं.

गलगंड डोळ्यांना दिसतो, म्हणून आधी तोच मोजला गेला. मेंदूचं काय होतंय हे लक्षात यायला वेळ लागला. पुढे उत्तर प्रदेशात गोंडा, देवरिया भागात डॉ. कोचुपिल्लई यांनी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड हार्मोन कमी असलेली बाळं मोठ्या संख्येनं सापडली.

थायरॉक्सिन हे थायरॉईड ग्रंथीचं मुख्य हार्मोन. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. मेंदूच्या पेशींना आपल्या जागी पोचायला, त्यांच्या तंतूंवर आवरण चढायला हे हार्मोन लागतं. पोटातल्या बाळाची ग्रंथी सुरुवातीचे सुमारे तीन महिने ते बनवत नाही, सगळं आईकडून येतं. आणि दिवस गेलेत हे कळेपर्यंत यातला बराचसा काळ सरलेला असतो. म्हणून हे मीठ लग्न ठरण्याच्याही आधीपासून त्या मुलीच्या घरात हवं. जास्त मीठ खा, असं कुणी म्हणत नाहीये. जे खाता ते आयोडीनयुक्त असू द्या, आणि बरणीला घट्ट झाकण लावा.

(दृश्य: प्रसूतिगृह. बाळाची इवलीशी टाच, टिपकागदावर रक्ताचा थेंब.)

काही बाळांची ग्रंथी मुळात तयारच झालेली नसते. तिथं मीठ उपयोगाचं नाही. ही बाळं जन्मताना अगदी निरोगी दिसतात, म्हणून ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी. दोष आढळला तर पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिन सुरू करायचं.

(दृश्य: दोन चमच्यांमध्ये गोळी चुरली जाते. त्यात आईच्या दुधाचे थेंब. चमचा बाळाच्या ओठांशी.)