विहिरीचं काय निघालं?

अध्यक्ष महोदय, आणि या ना त्या नात्यानं विद्यापीठ परिसराशी जोडलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय 'विद्यापीठ परिसर : वार्ता आणि यश' असा छापलाय. संशोधनाची बातमी कुणी लिहावी, तिच्यात काय असावं आणि ती कुठवर पोचावी, हे आज मांडायचं कबूल केलंय आणि ते मांडणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती बरीच वर्षं मनात साठली आहे. आपल्याकडे यशाची बातमी म्हणजे सत्काराची बातमी, असं होऊन बसलंय. कुणाला काय मिळालं ते छापून येतं. त्यानं काय शोधलं ते येत नाही.

माझी नोकरी ग्रंथालयातली. रोजची वर्तमानपत्रं, विभागांची आणि महाविद्यालयांची वार्तापत्रं चाळायची, कात्रणं काढायची, तारीख घालून फायलीला लावायची, हे काम मी आवडीनं केलं. 'संशोधन' असं लिहिलेली फाईल उघडली की पानामागून पान एकाच साच्यातलं निघतं. अमुक यांना तमुक पुरस्कार. व्यासपीठावर हे आणि हे उपस्थित होते. प्रास्ताविक यांनी केलं, सूत्रसंचालन त्यांनी केलं, आभार अमक्यांनी मानले. आभार कुणी मानले, हे वाचायला तुमच्यापैकी कोण थांबतं? हात वर करा बघू. दोन हात दिसतायत. आज आभार मानायचं काम त्या दोघांकडेच आहे! (हशा)

आपण बसलोय ती जागाही या बाबतीत बोलकी आहे. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. पण मुख्य इमारत त्याच्या कितीतरी आधीची, मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री तिथं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. त्या रात्री आत जेवायला कोण कोण होतं, हे आज कुणाला आठवतंय? बाहेर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे मात्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पाहुण्यांची यादी टिकत नाही. काय घडलं ते टिकतं.

आता मला जे खरं बोचतं ते सांगते. भूशास्त्राची एक विद्यार्थिनी आमच्याकडे जुनी गॅझेटिअरं आणि पावसाच्या नोंदी बघायला यायची. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. तिचा विषय होता पुरंदर तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी. एकदा मीही तिच्याबरोबर गेले. पाणी मोजायची पद्धत तोवर मी पुस्तकात वाचली होती, पाहिली नव्हती. विहिरीच्या कठड्यावर तिनं तैलरंगानं एक खूण केलेली, म्हणजे दर वेळी मोजायचं ते त्याच जागेवरून. स्टीलच्या टेपच्या टोकाकडच्या काही फुटांना ती खडू फासायची. टेप खाली सोडायची, पाण्यात थोडी बुडू द्यायची, खुणेपाशी आकडा वाचायचा आणि टेप वर ओढायची. बुडालेल्या भागातला खडू ओला होऊन काळपट पडलेला. ती रेघ वाचली, आधीच्या आकड्यातून वजा केली की पाणी किती खोल ते कळलं. टेपचं दुसरं टोक विहिरीचे मालक धरायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. ती घोटाळली तर नाना मोठ्यानं आकडा सांगायचे आणि ती वहीत लिहायची.

नानांना खडकाची भाषा आपल्यापेक्षा चांगली येत होती. मुरूम कुठं संपतो, मांजऱ्या कुठं लागतो, काळा पाषाण किती हातांवर आहे, हे सगळं ते विहिरीत वाकून बोटानं दाखवायचे. आपलं दख्खनचं पठार म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. घट्ट काळ्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी शिरतं. मुरूम आणि झिजलेला, भोकाभोकांचा मांजऱ्या, यांच्यात ते साठतं. त्यामुळे एकाच उतारावर एक विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि दुसरी मे महिना काढते. नानांची विहीर पूर्वी मे काढायची. अलीकडे ती होळीच्या आसपासच आटायला लागली होती. वरच्या अंगाला नवीन बोअर पडल्या होत्या, पण गावाचं म्हणणं असं, की बोअर तीनशे फूट खाली जाते, तिचा आपल्या चाळीस फुटी विहिरीशी काय संबंध?

संबंध होता. त्या बोअरना केसिंग पाइप फक्त वरच्या मातीपुरता बसवलेला. खाली भोक उघडंच. त्यामुळे तीनशे फुटी बोअरमध्ये पाणी उतरत होतं ते बहुतांशी त्याच वरच्या मांजऱ्याच्या थरातून, ज्याच्यावर खालच्या विहिरी जगत होत्या. पोरीनं पातळ्यांच्या नोंदींवरून हे दाखवून दिलं. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ते नकाशासकट आहे.

तिला पीएच.डी. मिळाली. एका वार्तापत्रात बातमी आली, फोटोसकट. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दोन्ही बाजूंना मान्यवरांची रांग. मान्यवरांची नावं हुद्द्यांसकट होती. प्रबंधाचं शीर्षक जागेअभावी गाळलेलं. ती पेढे आणि तो अंक घेऊन नानांकडे गेली. नानांनी ओळीखाली बोट धरून बातमी शेवटापर्यंत वाचली, अगदी आभारांपर्यंत. मग म्हणाले, "ताई, पदवी मिळाली, लई चांगलं झालं. पन आमच्या हिरीचं काय निघालं, ते यात न्हाई."

मित्रहो, माझं आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नात आहे. ज्या माणसानं टेप धरला, ज्याच्या विहिरीवर प्रबंध उभा राहिला, त्याच्यासाठी त्या बातमीत एक ओळ नव्हती. तिनं मग पारावर बसून वहीत थर काढून दाखवले. बघता बघता गर्दी जमली. बोअर किती अंतरावर घ्यावी, केसिंग कुठवर घालावं, असे प्रश्न अंधार पडेपर्यंत चालले. त्या वार्तापत्राकडे मी पत्र पाठवलं की पुढच्या अंकात निष्कर्ष छापा. उत्तर आलं, 'आमच्या वाचकांना तांत्रिक तपशिलात रस नसतो.' अहो, कोणत्या वाचकांना? पारावर बसलेल्यांना विचारलं होतं का? आपले वाचक काय समजू शकतात, हे त्यांना न विचारताच ठरवून टाकायचं, याचा मला संताप येतो. आजही येतो.

चांगलं उदाहरणही आपल्याच परिसरात आहे. २९ जून २०२३ रोजी अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा, पुरावा मिळाल्याचं जगभरातल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. या लहरींचं एक आंदोलन पुरं व्हायला वर्षं लागतात. युरोपातल्या दुर्बिणींबरोबर भारत-जपान गटानं नारायणगावजवळच्या खोडदची आपली महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, वापरली होती. तिचं काम पाहणारं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आपल्याच आवारात आहे. वर्तमानपत्रांनी विश्वाची गुणगुण ऐकू आल्याचे मोठे मथळे दिले. मथळे मला आवडले. त्या निमित्तानं लोकांनी निदान पल्सार म्हणजे काय ते वाचलं : स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळानं रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा. गुरुत्वीय लहरींमुळे हे ठोके किंचित मागेपुढे पोचतात, त्यावरूनच त्या लहरी ओळखायच्या. पण खोडदनं नेमकं काय केलं, ते माझ्या हाती आलेल्या कात्रणांत क्वचितच सापडलं. पल्सारचे ठोके इथवर येताना ताऱ्यांमधल्या विद्युतभारित वायूतून येतात आणि रेंगाळतात. कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रेंगाळतात, आणि तो उशीर सारखा बदलतही राहतो. तो वजा केल्याशिवाय ठोक्यांचं वेळापत्रक बिनचूक लागत नाही. कमी वारंवारतेवर तो उशीर बारकाईनं मोजण्याची ताकद खोडदकडे आहे. आपलं योगदान ते होतं. सांगायला किती वाक्यं लागली? चार-पाच.

आणि ती दुर्बीण! ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जवळ जाऊन वर बघा, तबकडीतून आकाश दिसतं. पत्रा नाहीच, स्टेनलेस स्टीलच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी, दोरांनी ताणून बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जा. आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्या टेबलांपुढे उभे राहून ऐकत असतात. हेच मी मागते आहे.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, मग भराभर बोलते.

सत्कारावर बेतलेल्या बातमीला संथ काम दिसतच नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो आला ते वाक्य, ग्रंथ आणि स्थळ. पहिला भाग निघायला १९७६ साल उजाडलं, आणि खंडांमागून खंड निघूनही अजून 'अ' चाललाय. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं, काम १९१९ ला सुरू झालं, तिचे प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ साली गेले, काम पुरं झालं १९६६ साली. अशा कामात सत्काराचा दिवस कुठला काढणार? पण बातमी दरवर्षी आहे. यंदा कोणता शब्द अडला, कोणती पोथी दुसऱ्या पोथीशी जुळेना, यावर दर वर्षी एक पान लिहिता येईल, आणि पुणेकर ते आवडीनं वाचतील.

आता कबूल केलेलं. बातमी कुणी लिहावी? ज्यानं काम केलं त्यानं, मराठीत, शंभर-दीडशे शब्दांत. मार्गदर्शकांनी शास्त्र तपासावं, भाषा फुगवू नये. तिच्यात काय असावं? पहिल्याच वाक्यात, काय कळलं ते. काही सिद्ध झालं नसेल तर 'असं वाटलं होतं, तसं निघालं नाही' हीसुद्धा बातमी आहे, आणि पुढच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं वाचवणारी आहे. सत्कार खाली एका ओळीत येऊ द्या, माझी काही हरकत नाही. त्याच्या शेजारी प्रयोगशाळा सहायकाचं, गाडी चालवणाऱ्याचं, पावसाची नोंदवही ठेवणाऱ्या शिक्षकाचं नाव येऊ द्या. कुणी म्हणेल, शोधनिबंध छापून येण्याआधी निष्कर्ष कसा सांगायचा? नका सांगू, निबंध आल्यावर सांगा, पण मग विसरू नका. कुणी म्हणेल, सोपं करताना चूक होते. म्हणून तर ज्यानं काम केलं त्यानंच लिहायचं. आणि कुठवर पोचावी? जिथून माहिती गोळा केली तिथवर. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर. पाणी, पीक, आजार, बोली, सर्वेक्षण, सगळ्याला हे लागू आहे.

अध्यक्ष उभे राहिलेत, थांबते. दाराजवळच्या टेबलावर अर्ध्या पानाचा एक नमुना ठेवलाय. तुमच्यापैकी जे अजून शिकवतात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी प्रती न्याव्यात. भरून आलेले नमुने मी स्वतः टंकलिखित करून विभागांच्या वार्तापत्रांकडे पाठवणार आहे. त्यातली शेवटची ओळ अशी आहे : 'माहिती कोणत्या गावातून किंवा वस्तीतून मिळाली, आणि निष्कर्ष तिथं कुणाला कळवला?' ती ओळ रिकामी आली, तर नमुना मी पुढे धाडणार नाही, पाठवणाऱ्याकडे परत करीन. आता प्रश्न विचारा.